‘हे गाणं चालतं!’ – एकाच चवीची गाणी शोधायची कशी?

(आपल्या ताज्या एपिसोडचा हा लिखित अवतार. मधले ‘अं’, ‘आय मीन’ आणि खिडकीखालून ओरडणारा भंगारवाला काढून टाकलाय. बाकी जसं बोललो तसंच आहे.)

आजचा विषय दिसायला एकदम छोटा आहे. एखादं गाणं आवडतं, हलकंफुलकं, एकदा ऐकलं की दिवसभर डोक्यात घोळणारं. मग वाटतं, अशीच अजून आठ-दहा मिळाली तर मस्त लिस्ट होईल. ‘अशीच’ हा शब्द बोलायला सोपा आहे. पण अशीच म्हणजे कशी, हे ठरवताना माझे तीन वीकेंड गेले. आणि मी कोडिंग करून पोट भरतो, तरी गेले.

झालं असं की गेल्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. दोन स्टेंट. सगळं व्यवस्थित पार पडलं, बाबा सांगलीला घरी परतले. डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू वाढवत रोज अर्धा तास चालायचं, सलग. बाबा ‘हो’ म्हणाले. मी पुण्यात, त्यामुळे फोनवर विचारायचो, चाललात का? उत्तर ठरलेलं, ‘हो, झालं.’ पंधरा दिवसांनी आईने हळूच खरं सांगितलं. ‘हे आमराईत जातात, एक चक्कर मारतात आणि बाकावर बसून पेपर वाचतात. अर्ध्या तासाने घरी.’

ओरडून काही होणार नव्हतं. ज्या माणसाने मला सायकल शिकवली त्याला मी फोनवरून ‘चाला’ म्हणून काय सांगणार! पण बाबांना गाणी आवडतात. म्हटलं, अर्ध्या तासाची लिस्ट करून देऊ. गाणी संपेपर्यंत चालायचं, बस.

पहिला प्रयत्न आळशी माणसाचा. बाबांचं एक आवडतं गाणं माहीत होतं, ‘आराधना’तलं ‘मेरे सपनों की रानी’. ते ॲपमध्ये लावलं आणि ‘यासारखी गाणी’ हे बटण दाबलं. पंचवीस गाण्यांची लिस्ट तयार. बाबांच्या फोनवर पाठवली आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन. ‘अरे, तिसऱ्याच गाण्याला तू मला रडवायला निघालास की काय?’ बघितलं तर ‘अजीब दास्तां’. 1960 च्या ‘दिल अपना और प्रीत पराई’तलं, शंकर-जयकिशनचं. गाणं सुंदर आहे, वाद. नाही. चालही गोड, लगेच ओठांवर येणारी. पण आतला मामला निरोपाचा आहे. बाबा म्हणाले, मी कडुनिंबाखाली उभा राहून पूर्ण ऐकलं. म्हणजे चालायच्या लिस्टने त्यांना उभं केलं!

हे का होतं ते समजून घेऊ, कारण तुमच्याही लिस्टमध्ये हेच होत असणार. ॲपच्या शिफारशीत एक मोठा भाग असतो तो ‘ज्यांनी हे ऐकलं त्यांनी तेही ऐकलं’ या हिशोबाचा. म्हणजे ॲप गाणं ऐकत नाही, माणसं बघतं. लाखो लोकांनी कोणती दोन गाणी एका लिस्टमध्ये टाकली, कोणत्या गाण्यानंतर कोणतं लावलं, यावरून दोन गाणी ‘जवळची’ ठरतात. नव्या गाण्यांना हे बरं लागू पडतं. पण जुनी हिंदी गाणी लोक ‘जुनी गाणी’ या एकाच पिशवीत भरतात. त्या पिशवीत विनोदी गाणं, विरहगीत आणि कव्वाली शेजारीशेजारी बसलेली असतात. ॲपच्या दृष्टीने ती सख्खी भावंडं. खरं तर एवढंच सिद्ध होतं की ती एकाच पिढीच्या फोनमध्ये राहतात.

मराठी गाण्यांचं तर विचारूच नका. एकच गाणं पाच वेगवेगळ्या स्पेलिंगने चढवलेलं, संगीतकाराच्या जागी कंपनीचं नाव, गायकाच्या जागी हिरोचं. ऐकणारे तुलनेने कमी, त्यात तेही पाच प्रतींत वाटले गेलेले. मग ॲपकडे हिशोब करायला उरतं काय?

दुसरा प्रयत्न इंजिनिअरचा. म्हटलं, माणसं नको, गाण्याचा आवाजच मोजू. पूर्वी स्पॉटिफाय बाहेरच्या डेव्हलपरना प्रत्येक गाण्याचे आकडे द्यायचं: वेग किती, जोर किती, नाचण्याजोगं किती, आणि ‘आनंदीपणा’ शून्य ते एकमध्ये किती. नोव्हेंबर 2024 मध्ये त्यांनी नव्या ॲपसाठी ती खिडकी बंद केली. मग माझ्याकडे होत्या त्या फाइल्स घेतल्या, पायथॉनमधली लिब्रोसा ही फुकट मिळणारी लायब्ररी लावली आणि प्रत्येक गाण्याचा वेग काढला.

आधी बाबांची चाल मोजली. आईला सांगितलं, पंधरा सेकंदांत किती पावलं पडतात ते मोज आणि चारने गुण. आलं 92. साधारण मध्यम वेगाच्या चालण्याला मिनिटाला 100 पावलं हा ढोबळ आकडा धरतात. म्हणजे 92 ने सुरुवात करून 100 कडे सरकायचं. छान! आता 92 ते 100 ठोक्यांची गाणी गाळून काढली की काम झालं. असं मला वाटलं.

दोन घोळ झाले. पहिला म्हणजे मशीनला ठोका कुठला आणि अर्धा ठोका कुठला हे नीट कळत नाही. तबल्याची प्रत्येक टाप धरली तर वेग दुप्पट, फक्त मोठे ठोके धरले तर निम्मा. त्यामुळे एखादं संथ गाणं धावतं म्हणून येतं आणि धावतं गाणं झोपाळू म्हणून. दुसरा घोळ माझाच. मी ज्या फाइल्स जमवल्या होत्या त्यातल्या निम्म्या ‘झंकार बीट्स’वाल्या निघाल्या. तुमच्यापैकी लहान मंडळींसाठी सांगतो, जुन्या गाण्यांवर नंतर इलेक्ट्रॉनिक ढोलकी-ड्रम चढवून कॅसेटी निघायच्या, त्या झंकार बीट्स. रिक्षात हमखास. मशीन त्या ड्रमवर एकदम खूश, कारण ठोका स्वच्छ ऐकू येतो. बाबा अजिबात खूश नाहीत. ‘हे मागे कोण पत्रा बडवतंय?’

एक सांगतो, वेग मोजणं वाया गेलं नाही. पण वेग ही फक्त चाळणी आहे. 96 च्या वेगात लग्नाचा बँडही वाजतो आणि अंगाईसुद्धा.

मग दिवाळीला घरी गेलो आणि माळ्यावरच्या खोक्यात एक कॅसेट सापडली. सी-60. म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. तेव्हा कॅसेटच्या दुकानात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, दुकानदार ती भरून द्यायचा. वर बाबांच्या अक्षरात ‘प्रवास – 1’. मी विचारलं, एस.टी.त ऐकायचात? बाबा हसले. ‘एस.टी.त कुठली सोय? घरी येऊन ऐकायचो.’ नवीन नोकरी, रोज सांगली ते इस्लामपूर, संध्याकाळी परत. आणि घरी येऊन पुन्हा ‘प्रवास’!

म्हणजे माझ्या आधी चाळीस वर्षं, एका बाजूला बरोबर अर्धा तास अशी लिस्ट या माणसाने स्वतःच केली होती. मी आकडे मोजत बसलो होतो.

टेप चिकटली होती, वाजली नाही. पण यादी होती. ‘मेरे सपनों की रानी’ होतंच. त्याच्या आधी ‘है अपना दिल’, 1958 च्या ‘सोलवा साल’मधलं. त्याच्या खाली ‘नया दौर’मधलं ‘मांग के साथ तुम्हारा’. अशी सात गाणी, आणि आठवं ‘परिचय’मधलं ‘मुसाफिर हूं यारों’, ज्याच्यापुढे बाबांनी कंसात लिहिलेलं, ‘अर्धे’. टेप संपली म्हणून गाणं मध्येच तुटलेलं. कॅसेटवाल्या पिढीला हे दुःख माहीत असेल.

आता ही यादी नीट बघा. गायक वेगळे: हेमंतकुमार, किशोर, रफी-आशा. साल 1957 पासून 1972 पर्यंत पसरलेली. गायकाच्या नावाने शोधलं असतं तर ही गाणी एका ठिकाणी कधीच आली नसती. मग समान काय? ‘आराधना’च्या गाण्यात शेजारून दार्जिलिंगची छोटी रेल्वे आणि रस्त्यावर जीप. ‘सोलवा साल’च्या गाण्यात देव आनंद लोकल ट्रेनमध्ये. ‘नया दौर’मध्ये टांगा. सगळी गाणी चाकावरची आहेत! आणि ते नुसतं पडद्यावर नाही, आवाजातही आहे. टांग्याच्या गाण्यात घोड्याच्या टापांचा टक-टक ठेका मागे चालूच असतो. रेल्वेच्या दोन्ही गाण्यांत माऊथ ऑर्गन आहे. खिशात मावणारं, प्रवासात वाजवता येणारं वाद्य. शिवाय दोन्हींचे संगीतकार एकच, सचिनदेव बर्मन. 1958 च्या गाण्यात तो माऊथ ऑर्गन वाजवलाय त्यांच्या मुलाने, म्हणजे आर. डी. बर्मनने. आणि यादीतलं शेवटचं ‘मुसाफिर’ कोणाचं? आर. डी. चंच.

इथे माझी ट्यूब पेटली. ‘अशीच गाणी’ शोधायची तर आधी त्या गाण्यातली कुठली गोष्ट आपल्याला हलकं करते ते पकडायचं. ठेका? एखादं वाद्य? गाणाऱ्याचा मिश्कीलपणा? की गाण्यात काय चाललंय ते? त्यातल्या एक-दोन गोष्टी घट्ट धरायच्या आणि बाकी सगळ्या सोडून द्यायच्या. मी धरलं दोन: ठेका पुढे नेणारा हवा आणि गाणारा मजेत हवा. साल, भाषा, गायक काहीही चालेल.

आणि शोधायचं कुठे, तर गायकाच्या पानावर नाही. श्रेयनामावलीत. संगीतकार कोण, त्याचा सहायक कोण, वाद्य कोणी वाजवलं. गायक शंभर तऱ्हेची गाणी गातो, पण ठेका आणि वाद्यांचा मेळ ठरवणारी माणसं थोडी असतात आणि त्यांची सवय गाण्यागणिक दिसते.

टांग्याचा धागा ओढला तर सरळ ओ. पी. नय्यरकडे जातो. ‘नया दौर’ 1957 चा. त्याच वर्षी ‘तुमसा नहीं देखा’मध्ये शम्मी कपूरसाठी रफीचं ‘यूं तो हमने’, पुन्हा टांगा. गंमत म्हणजे नय्यरनी लताबाईंकडून एकही गाणं गाऊन घेतलं नाही. त्यामुळे तुम्ही ‘लता हिट्स’पासून सुरुवात केली असेल तर हा अख्खा हलकाफुलका खजिना तुमच्या लिस्टला कधी दिसणारच नाही. गीता दत्त, आशा, रफी यांच्याकडून जावं लागतं.

माझा सगळ्यात आवडता धागा मात्र तिसरा. सचिनदांच्या सहायकांत एक मराठी माणूस होता, अरुण पौडवाल. नाव ओळखीचं वाटतंय? 1988 च्या ‘अशी ही बनवाबनवी’चं संगीत त्यांचंच. त्याच्या आदल्या वर्षीच्या ‘गंमत जंमत’चंही. आणि त्यातलं ‘अश्विनी ये ना’ गायलंय कोणी? किशोरकुमार आणि अनुराधा पौडवाल. म्हणजे बाबांच्या कॅसेटवरच्या सचिनदांपासून निघालो आणि दोन पायऱ्यांत मी लहानपणी टीव्हीवर शंभर वेळा बघितलेल्या पिक्चरमध्ये येऊन पोचलो. यासाठी कुठलंही ॲप लागलं नाही. ‘अश्विनी’ लिस्टमध्ये गेलं आणि आईने स्वयंपाकघरातून आवाज दिला, ‘हे राहू दे हं!’

मराठीतलं दुसरं सहज सुचलं ते ‘ही चाल तुरुतुरु’. शांताराम नांदगावकरांचे शब्द, देवदत्त साबळेंची चाल, जयवंत कुलकर्णींचा आवाज. गाणंच चालीवर! इथे मी पुन्हा आळस केला आणि जयवंत कुलकर्णींच्या नावावर ‘यासारखी’ दाबलं. आता जयवंतरावांनी दादा कोंडकेंसाठीही गायलंय. तेव्हा पुढचं गाणं कुठलं लागलं ते मी इथे सांगत नाही. एवढंच सांगतो की बाबांचा फोन तेव्हा स्पीकरवर होता आणि आमराईत शेजारून महिला मंडळ चाललं होतं. बाबांनी त्या दिवशी आयुष्यातली सगळ्यात वेगवान चाल नोंदवली.

प्रत्येक धागा कामी येतो असंही नाही. ‘है अपना दिल’च्या हेमंतकुमारांनी मराठीत ‘मी डोलकर’ गायलंय, लताबाईंबरोबर, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. मी उत्साहाने टाकलं. बाबा म्हणाले, ‘गाणं झकास आहे, पण हे चालत नाही, झुलतं.’ तालाच्या दृष्टीने एकदम अचूक बोलले! आपल्याकडच्या हलक्या गाण्यांचा मोठा भाग दोन तालांत बसतो, आठ मात्रांचा केरवा आणि सहा मात्रांचा दादरा. केरव्यात मोजणी एक-दोन-तीन-चार. पाय दोन, त्यामुळे जोराचा ठोका दर वेळी त्याच पायावर पडतो आणि चाल पुढे ढकलली जाते. तीन-तीनच्या गटात मात्र जोर एकदा डाव्या पायावर येतो, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. अंग डावं-उजवं व्हायला लागतं. होडीत बसल्यासारखं. कोळीगीताला तेच तर हवं असतं. करून बघा, टेबलावर बोटांनी दोन पायांसारखं चालत ‘एक-दोन-तीन’ मोजा, लगेच कळेल.

रफीचा धागा मात्र लागला. श्रीकांत ठाकरेंनी रफीकडून मराठी गाणी गाऊन घेतली, त्यातलं ‘हा रुसवा सोड सखे’ बाबांनी विसाव्यासाठी ठेवलं. शेवटून दुसरं. तोवर वेग उतरवायचा असतो.

क्रमाचं एवढंच की पहिलं आणि शेवटी येणारी दोन संथ, मध्ये पळणारी. आणि ॲपच्या सेटिंगमध्ये आवाज एकसारखा ठेवण्याचा पर्याय असतो तो चालू करा. 1957 चं रेकॉर्डिंग आणि 1987 चं रेकॉर्डिंग यांच्या आवाजात खूप फरक असतो, कानात एकदम दणका बसतो. हे लिस्टमधल्या कोणत्याही ज्ञानापेक्षा जास्त उपयोगी पडलं.

आता खरी अडचण. लिस्ट चालू झाली, बाबा चालू लागले, आठवड्याने आईने पुन्हा पावलं मोजली. 88! कमी झाली. मी हैराण. गाणी तर सगळी गाळून घेतलेली. मग फॉलोअपला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं. त्यांनी बाबांनाच प्रश्न केला, ‘चालताना बोलता येतं का?’ ‘येतं.’ ‘गाता येतं?’ बाबा अभिमानाने म्हणाले, ‘हो, पूर्ण अंतरा!’ डॉक्टर हसले. मध्यम वेगाच्या चालण्याची साधी खूण अशी की बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. गाता येतंय म्हणजे वेग कमी आहे. आणि बोलताही येत नसेल तर थांबायचं.

घ्या. मी महिनाभर खपून गुणगुणल्याशिवाय राहवणार नाहीत अशी गाणी शोधली, आणि बाबा गाता यावं म्हणून हळू चालत होते. कॅची गाण्याचं कामच ते, माणसाला गायला लावणं.

मग लिस्ट पुन्हा उघडली. जिथे लांब ताना आणि आलाप आहेत, जिथे श्वास धरून गावंसं वाटतं, ती गाणी काढली. तुटक, ठोक्यावर बोलल्यासारखे शब्द असलेली ठेवली. तशा गाण्यात माणूस एखादा शब्द टाकतो, मान हलवतो आणि पुढे जातो. ‘ही चाल तुरुतुरु’ इथेही पास झालं. नय्यरची दोन्ही टांगेवाली पास. ‘मेरे सपनों की रानी’वर बरीच चर्चा झाली. नियमाने ते जायला हवं होतं. बाबा म्हणाले, ‘ते राहणार. तेवढं एक मी गाणार.’ ठेवलं, पण सुरुवातीला, जेव्हा वेग कमीच असतो.

सध्या आकडा 98 वर आहे. लिस्टमध्ये नऊ गाणी आहेत आणि शेवटचं ‘मुसाफिर’, या वेळी पूर्ण. बाबा सांगतात की जिथे टेप तुटायची तिथे त्यांचे पाय अजूनही क्षणभर अडखळतात. मग गाणं पुढे चालू राहतं आणि ते गेटपर्यंत येतात.

आता आईने तिची लिस्ट मागितली आहे. तिची चाल बाबांपेक्षा बरीच जलद आहे आणि तिला ‘ह्यांचे ते टांगे’ नको आहेत. तिने सुरुवातीला एकच गाणं दिलंय, ‘अश्विनी ये ना’. पुढचा एपिसोड त्यावर. तोपर्यंत खटके असलेलं, गाता न येणारं, चालणारं एखादं मराठी गाणं तुमच्याकडे असेल तर कळवा. मात्र संगीतकाराचं नाव लिहायला विसरू नका.